घासणाऱ्या लोखंडाचा हिशोब कोण ठेवतो?

खान्देशातला व्यापारी हिशोबाला कच्चा नाही. सुताचा भाव तो सकाळच्या चहाआधी विचारतो. सायझिंगचा दर थोडा वाढला की धुळ्यापासून मालेगावपर्यंत फोन फिरतात. मजुरी, वीजबिल, दलाली, गाडीभाडे सगळे वहीत असते. पण लोखंड घासून दरमहा किती पैसा जातो, हा आकडा कोणाच्याही वहीत सापडत नाही. तो 'किरकोळ सामान' या खात्यात गुपचूप पडलेला असतो. पंच बोथट झाला, बदलला. गाईडला खाच पडली, बदलले. डाय सैल झाली, मिस्त्रीकडे पाठवली. त्या दिवशी यंत्र किती तास बंद होते आणि बंद होण्याआधीच्या आठवड्यात किती माल खराब निघाला, हे कोणी लिहीत नाही.

कापडाच्या धंद्यात हा खर्च फार उशिरा दिसतो. पॉलिस्टरच्या मालावर उभी रेघ येते, तागा 'सेकंड'मध्ये जातो, दलाल भाव कापतो. मालक सूतवाल्याशी भांडतो, सूतवाला सायझिंगकडे बोट दाखवतो. माझ्या दुकानातून गेलेली अशीच एक गाठ परत आली, तेव्हा सूत तपासले, ते चांगले होते. दोष गाईडमध्ये निघाला. त्यावर नखाला लागेल इतकी बारीक खाच पडली होती, आणि दर मीटरला धाग्याचे तंतू तिथे फाटत होते. मऊ धागा लोखंड कसे कापतो, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण असे की पॉलिस्टरची काचेसारखी चमक मारण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची अतिबारीक पूड मिसळलेली असते. बाजारात ज्याला 'सेमी-डल' आणि 'फुल-डल' म्हणतात, तो हाच माल. ही पूड म्हणजे धाग्यात दडलेला पॉलिश पेपर समजा. धागा दिवसभर त्याच जागेवरून धावला की पोलादही झिजते.

आता गंमत पाहा. ज्या टायटॅनियमची पूड लोखंड खाते, त्याच टायटॅनियमचा नायट्रोजनशी संयोग करून जे 'टायटॅनियम नायट्राइड' बनते, त्याचा पातळ थर लोखंडाला झिजण्यापासून वाचवतो. सोनेरी रंगाची ड्रिल बिटे आपण हार्डवेअरच्या दुकानात पाहिली आहेत. तो रंग सोन्याचा नाही, पितळेचाही नाही. तो या नायट्राइडचा आहे.

हा थर चढतो कसा, हे समजायला आपल्या मोहल्ल्यातला कल्हईवाला पुरेसा आहे. तो भांडे आधी घासतो, तापवतो, नवसागर टाकतो, आणि मग कथील फिरवतो. नवसागराचे काम काय? तांब्या-पितळेवरची मळी आणि काट खाऊन टाकणे. त्याशिवाय कथील धरत नाही. इथेही क्रम तोच आहे, फक्त हत्यारे वेगळी. लोखंडाचा भाग एका बंद पोलादी पेटीत ठेवतात. पेटीतली हवा पंपाने इतकी खेचून घेतात की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कोट्यवधी पटीने कमी होतो. मग थोडा आर्गॉन वायू सोडून त्याचे आयन बनवतात. अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो आयन. त्याच्यावर विद्युतभार असल्याने विजेच्या जोरावर त्याला हवे तिकडे ओढता येते. हे आयन लोखंडावर गारपिटीसारखे आदळतात आणि वरचा मळ, गंज, तेलाचा अंश अणू-अणूने उडवतात. हा झाला नवसागर. त्यानंतर टायटॅनियमची वाफ आणि नायट्रोजन येतो, त्यांचा थर बसू लागतो, आणि थर बसत असतानाही आयनांचा मारा चालू राहतो. या माऱ्याने थर ठोकून ठोकून घट्ट होतो, पोकळी राहत नाही, आणि तळाशी लोखंडाशी अशी मिठी बसते की नुसत्या वाफेने तशी बसत नाही.

विरळ वायूत वीज खेळवली की धातूचे कण उडून शेजारच्या पृष्ठभागावर बसतात, हे विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५२ सालीच पाहिले होते. पुढचे शंभर वर्षे त्याचा उद्योगात मोठा उपयोग झाला नाही. आयनांचा सरळ झोत सोडणारी बंदूक हॅरल्ड कॉफमन यांनी अमेरिकेच्या 'नासा'मध्ये १९६० च्या सुमारास बनवली, तीही अंतराळयान पुढे ढकलण्यासाठी. त्याच दशकात अमेरिकेतल्याच डोनाल्ड मॅटॉक्स यांनी थर बसतानाच आयनांचा मारा करण्याची पद्धत मांडली. आणि १९८० च्या आसपास लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातल्या बाल्झर्स गावच्या कारखान्याने सोनेरी थराची हत्यारे बाजारात रूढ केली. त्या कारखान्याची शाखा आज पुण्यात भोसरीला आहे. म्हणजे आपल्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या जिथे रोज जातात, तिथेच.

आता आकडे, कारण व्यापाऱ्याला आकड्याशिवाय समाधान नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. हा थर २ ते ४ मायक्रॉन. चांगले पाणी दिलेले हत्यारी पोलाद कडकपणाच्या विकर्स मापावर ७०० ते ८०० च्या घरात असते. हार्ड क्रोम ९०० ते १०००. टायटॅनियम नायट्राइड २३०० च्या आसपास. थर इतका पातळ की तयार भागाचे माप बहुतेक कामांत बिघडत नाही. हार्ड क्रोम जाड चढतो, आणि नेमके माप हवे असेल तर तो पुन्हा ग्राइंड करावा लागतो. इथे तो खर्च नाही.

क्रोमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या समाजातली बरीच मुले प्लेटिंगच्या हौदांवर काम करतात. क्रोमच्या हौदातून उडणारी वाफ नाकाच्या पडद्याला भोक पाडते, कातडीवर न भरणाऱ्या जखमा करते. हौदात असतो त्या सहासंयुजी क्रोमियमने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९० मध्येच जाहीर केले. युरोपात २०१७ पासून क्रोमिक आम्ल खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. ज्या कारागिराची रोजी आज हौदावर आहे, त्याने आणि त्याच्या मालकाने हे वारे कुठे चालले आहे ते ओळखावे. निर्वात पेटीच्या कामात असा विषारी हौद नसतो. आधीच्या धुलाईत आणि जुना थर काढताना रसायने लागतात, तेवढेच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आपल्या एमआयडीसीत एक यंत्र बसवू या. माझे मत याच्या उलट आहे. हे यंत्र कोटींच्या हिशोबात जाते, ते चालवायला शिकलेली माणसे लागतात आणि पेटी रोज भरली पाहिजे, तरच ते परवडते. जळगाव-धुळ्यात आज तेवढे काम एका जागी नाही. शिवाय 'आयन' हा शब्द ऐकून फसू नका. बाजारात जे 'आयन कोटिंग' म्हणून विकले जाते, त्यातले बहुतेक काम विजेच्या ठिणगीने किंवा चुंबकाच्या साहाय्याने धातू उडवून होते. भागाला ऋण दाब देऊन आयन त्याच्याकडे ओढले जातात, हे खरे. पण बंदुकीतून सोडलेला खरा आयन झोत हा महाग आणि सावकाश चालणारा प्रकार आहे. तो चष्म्या-कॅमेऱ्याची भिंगे, इलेक्ट्रॉनिक्स, कृत्रिम सांधे असल्या कामांत जास्त दिसतो.

तरीही या खऱ्या झोतात एक गुण आहे, आणि तो आमच्यासारख्या गावांच्या कामाचा आहे: तो थंड आहे. नेहमीच्या पेटीत भाग ४००-४५० अंशांपर्यंत तापतो. आपल्याकडचे डायमेकर पंच आणि डाय बहुतांशी ओएचएनएस पोलादात करतात, कारण ते स्वस्त आहे, मशीनवर नरम चालते आणि तेलात पाणी देता येते. पण या पोलादाला टेम्परिंग दिलेले असते १५० ते २०० अंशांवर. ते ४५० अंशांच्या पेटीत गेले की रॉकवेलवर ६० असलेला आकडा पन्नाशीपर्यंत उतरतो. वर सोनेरी कवच आणि खाली नरम लोखंड, म्हणजे गादीवर ठेवलेली काच. पहिल्या जोराच्या ठोक्याला थर तडकतो, आणि मालक म्हणतो कोटिंग म्हणजे लबाडी. आयन झोताने २०० अंशांच्या आतही थर बसवता येतो, म्हणून ओएचएनएससाठी तो बरा. पण तो मिळेल कुठे आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न राहतोच. त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे पोलाद बदलणे. ज्याला वर्कशॉपमध्ये 'एचसीएचसीआर' म्हणतात ते डी-२ घ्या, आणि हीट ट्रीटमेंटवाल्याला आधीच सांगा की टेम्परिंग ५०० अंशांच्या वर हवे, यावर पुढे कोटिंग होणार आहे. हे एक वाक्य चलनावर लिहिले तर निम्मे नुकसान टळते. हायस्पीड स्टीलची गोष्ट वेगळी. त्याचे टेम्परिंगच ५५० अंशांच्या आसपास असते, म्हणून जगात हा थर सर्वात आधी ड्रिल आणि गिअर कापणाऱ्या हत्यारांवर चढला.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. थर पुण्यात चढो की गुजरातमध्ये, तो टिकणार की सोलून निघणार हे ठरते आपल्या मिस्त्रीच्या बाकावर. जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, अमळनेरची प्रताप मिल, या गिरण्यांची वर्कशॉप म्हणजे एकेकाळी आमच्या भागातल्या फिटर-टर्नरांची शाळा होती. गिरण्या गेल्या, पण ते हुनर अजून लेथच्या दुकानांत जिवंत आहे. त्या हाताला आता चार नवीन सवयी लागायला हव्यात. स्पार्क मशीनवर केलेल्या खाचेत वितळून पुन्हा गोठलेला पांढरा कडक पापुद्रा राहतो. तो घासून काढला नाही तर वरचा थर त्या पापुद्र्यासकट निघून येतो. ग्राइंडिंग घाईने केले की पृष्ठभाग जळतो, निळा पडतो, त्यावरही थर धरत नाही. बफिंगची मेणकट लस बारीक छिद्रांत अडकते आणि निर्वात पेटीत उकळून बाहेर येते. जुना क्रोम असलेला भाग तसाच पाठवू नये. पितळेची जोडणी किंवा जस्त चढवलेला स्क्रू असलेला भाग तर मुळीच नको. जस्ताची वाफ होते आणि एका भागापायी पेटीतला सगळ्यांचा माल खराब होतो. कोटिंगवाला असा भाग परत पाठवतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही.

कशाला लावावे आणि कशाला लावू नये, याबद्दल माझे स्पष्ट मत सांगतो. जुन्या साध्या शटल लूमवर हा खर्च करू नये. तिथे लाकडी शटल, जुने गिअर, सैल बेअरिंग, सगळेच हलते आहे. एका भागाला कवच देऊन काय होणार? रेपिअर लूमच्या चिमट्याला, धागा कापणाऱ्या कात्रीला, जिथून धागा वेगाने घासत जातो त्या पोलादी गाईडला लावून पाहावे. साध्या गाईडच्या जागी चिनीमातीसारखे सिरॅमिकचे गाईड मिळत असेल तर तेच घ्या, ते बहुधा स्वस्त पडते. जळगावच्या चटईच्या कारखान्यांत भंगारातून बनवलेला दाणा आणि त्यात खडूची पूड वापरतात. त्याने एक्स्ट्रूडरचा स्क्रू आणि बॅरल झिजतात. तिथे २ मायक्रॉनचा थर पुरणार नाही. त्याला नायट्रायडिंग हवे, म्हणजे नायट्रोजन पोलादाच्या आतच शिरवणे. ते एक ते पाच दशांश मिलिमीटर खोल जाते. हेही आता आयनांनी करता येते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये खास उद्योगांसाठी केंद्र काढले आणि प्लाझ्मा नायट्रायडिंगची विद्या कारखान्यांना दिली. धुळ्याहून सुरतेचा रस्ता धरणाऱ्याला ते परके नाही. पीव्हीसी पाइपच्या डायला मात्र वेगळाच शत्रू असतो. पीव्हीसी जास्त तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. तिथे सोनेरी थरापेक्षा रुपेरी क्रोमियम नायट्राइड विचारावे.

शिलाईवाल्यांसाठी तर ही गोष्ट सुईच्या टोकावरच आली आहे. जीन्स आणि जाड कापडासाठी सोनेरी सुया मिळतात. जर्मनीच्या ग्रोझ-बेकर्टची 'गेबेदूर' सुई याच टायटॅनियम नायट्राइडची. टोक लवकर बोथट होत नाही, म्हणून कापडाचे तंतू कमी तुटतात. पण सोनेरी दिसणारी प्रत्येक सुई आणि प्रत्येक ड्रिल बिट तसे असेलच असे नाही. नुसता रंग चढवलेला मालही त्याच डबीत मिळतो. परीक्षा सोपी आहे. एक डबी घ्या, साध्या सुईबरोबर एकाच मशीनवर, एकाच कापडावर चालवा, आणि किती नग शिवल्यावर टाके सुटू लागतात ते कागदावर लिहा. सराफ बाजाराच्या गावात हेही सांगायला हवे की घड्याळाचे पट्टे, नळ, बटणे यांवरचा असा सोनेरी थर 'आयन प्लेटिंग' म्हणून येतो. त्यात सोने असतेच असे नाही. गिऱ्हाइकाला ते तोंडाने सांगून विकावे. मोजमापातल्या खोटेपणाइतकाच हाही खोटेपणा आहे.

भावाचा हिशोब कसा करायचा? समजा एक पंच ८०० रुपयांचा आहे आणि तो २०,००० नगांनंतर धार लावायला काढावा लागतो. कोटिंगचे ४०० रुपये झाले आणि तो ५०,००० नग चालला, तर नगामागे ४ पैशांऐवजी २.४ पैसे पडले. (दमडी आता कोण पाहते, पण लाखांनी नग काढणाऱ्याने पाहावी.) यात यंत्र थांबण्याचे तास धरलेले नाहीत. ते धरले तर फरक आणखी वाढतो. उलट, तोच पंच कोटिंग करूनही २५,०००च चालला तर तोटा झाला. म्हणून आधी मोजणी, मग खर्च. ज्याने बिनकोटिंगचा पंच किती नग चालतो हे कधी लिहिलेच नाही, त्याने कोटिंगच्या भानगडीत पडू नये.

एकट्या दुकानदाराची अडचण मलाही ठाऊक आहे. दोन पंच घेऊन पुण्याला कोण जाणार? पेटी भरायची असते, म्हणून थोड्या मालाला किमान आकार लागतो, तो जड जातो. यावर उपाय म्हणजे एकत्र माल पाठवणे. महिन्यातला एक दिवस ठरवून धुळे-जळगावच्या दहा-वीस वर्कशॉपांचे भाग एका पेटाऱ्यात, प्रत्येकाचा वेगळा कागद लावून जावेत. कापडाच्या गाठी आपण असेच एकत्र लादतो की नाही? आपल्या व्यापारी संघटना सभा-सत्कार भरपूर घेतात. त्यांनी एका लेखनिकाला हे काम दिले तर हरकत काय? आणि जी मुले दहावी-बारावीनंतर लेथवर उभी राहतात, त्यांच्यातल्या दोन-चार हुशार मुलांना छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमला पाठवावे. टूल आणि डाय बनवण्याचे पक्के शिक्षण तिथे मिळते, आणि जळगावहून ते एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. मिस्त्रीचा मुलगा रॉकवेलचा आकडा वाचू लागला की कोटिंगवाला त्याच्याशी बरोबरीने बोलतो.

पेटाऱ्यातल्या कागदावर काय लिहायचे, तेही ठरवून टाकावे. पोलाद कोणते, टेम्परिंग किती अंशांवर, कडकपणा किती, कोणत्या बाजूवर थर हवा, तो भाग कशावर घासतो, आणि आधी किती नग चालत होता. खोल आणि अरुंद भोकात थर पोचत नाही, हे लक्षात ठेवून ती जागा कागदावर खुणेने दाखवावी. माल परत आल्यावर त्याच कागदाच्या पाठीवर नवा आकडा लिहावा आणि तो कागद वहीत लावावा.